पीटीटी सगळ्यांत शेवटी

(दृश्य: सकाळी अकरा. दुकानांची शटर्स उघडतायत.)

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की काही मिनिटांत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण रेझिस्टर मागायला आलेला माणूस लॅमिंग्टनच म्हणतो. जुना हँडी, म्हणजे हातात धरायचा वायरलेस सेट, तपासून दुरुस्त करायला सामान थोडंच घ्यायचंय. २०० ओहमचे, प्रत्येकी दोन वॅटचे चार मेटल फिल्म रेझिस्टर. एक १एन४१४८ डायोड. १०२ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे एक नॅनोफॅरड. ८.२ ओहम, दहा वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर. सेटवर अँटेनाच्या जागी बसणारा एसएमए फीमेल कनेक्टर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न घरी आहे असं धरू.

(दृश्य: टेबलावर जुना हँडी, अँटेना काढलेला.)

सेकंडहँड हँडी हातात आला की पहिला मोह होतो पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबायचा. तो आवरा. अँटेना नसेल किंवा तिच्या कनेक्टरचा टाका तुटलेला असेल, तर बाहेर जायची शक्ती परत फिरते आणि अँटेनाला शक्ती देणारा शेवटचा, म्हणजे फायनल ट्रान्झिस्टर तापतो. शिवाय आधीच्या मालकाने मेमरीत काय भरून ठेवलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. बाओफेंग यूव्ही-५आरसारखा सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ कुठेही बोलतो. त्यातले हॅमच्या, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांच्या, वाट्याचे फक्त १४४ ते १४६. म्हणून प्रसारणाची चाचणी शेवटी, आणि तीही लायसन्स असलेल्या हातानेच.

सुरुवात बॅटरीपासून. ७.४ व्होल्टच्या पॅकमध्ये दोन लिथियम सेल असतात. पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट दिसायला हवेत. पण नुसतं व्होल्टेज बघून काही कळत नाही. थकलेला पॅकही मोकळा असताना ८.२ दाखवतो. सिमेंट रेझिस्टर दोन टोकांना दहा सेकंद लावा, साधारण एक अँपियर करंट वाहील. व्होल्टेजची घट अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी असली तर पॅक ठीक. सहाच्या आसपास कोसळलं तर पॅक संपला. रेझिस्टर चटका देतो, पक्कडीत धरा. फुगलेला किंवा पाच व्होल्टच्या खाली गेलेला पॅक चार्जरला लावूच नका.

जुन्या, निकेल-कॅडमियम बॅटरीच्या सेटमध्ये वेगळाच प्रकार. सेल गळून पांढरी पूड साचते. ती अल्कधर्मी असते, म्हणून आधी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाने लावायचा, मग पाण्याने पुसायचं, मग अल्कोहोल.

(दृश्य: मॉनिटर बटण दाबणारं बोट. खरखर.)

आता आवाज. सेट चालू होतो पण गप्प आहे, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. इथे घाईने सेट उघडू नका. अँटेना लावा आणि मॉनिटर बटण दाबून धरा. (यूव्ही-५आरवर तेच बटण नुसतं टिचकीसारखं दाबलं तर टॉर्च लागतो.) खरखर आली तर स्पीकर जिवंत आहे, अडलंय ते सेटिंगमध्ये. यूव्ही-५आरच्या मेन्यू ० मध्ये स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारी पातळी, फार वर नाही ना, ते बघा. मग मेन्यू १० आणि ११, म्हणजे रिसीव्हचे डीसीएस आणि सीटीसीएसएस टोन. तिथे टोन लावलेला राहिला असेल तर तोच टोन न पाठवणारा समोरचा कितीही बोलला तरी सेट तोंड उघडत नाही. दोन्ही बंद करा. मेलेला म्हणून विकलेले कितीतरी सेट एवढ्यावर बोलायला लागतात.

खरखरही नाही? मग बाजूचं नारिंगी कॉल बटण दाबून एफएम रेडिओ लावा. मुंबईत १०७.१ ला आकाशवाणीचं रेनबो, १००.७ ला गोल्ड. एफएमची चिप वेगळी असते. गाणी वाजली तर स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि व्हॉल्यूम पॉट बिनघोर, दोष मुख्य रिसीव्हरकडे. गाणीही नसतील तर संशय हेडसेटच्या जॅकवर घ्या. प्लग घातला की आतला एक संपर्क सुटतो आणि स्पीकर तोडला जातो; प्लग काढल्यावर तो संपर्क परत जुळला नाही की स्पीकर मुका. जॅकमध्ये अल्कोहोल सोडून प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करा.

तरीही नाही, तर उघडायचं. बॅटरीखालचे दोन स्क्रू, वरचा नॉब, अँटेना आणि व्हॉल्यूमच्या गोल चकत्या. चॅसी खालून उचला, पण हळू. स्पीकरच्या वायरी आखूड असतात, हिसका दिला की एक दोष वाढला.

मुंबईच्या सेटमध्ये आत बहुतेक वेळा पावसाळाच सापडतो. खारी हवा आणि दमट भिंती. बॅटरीच्या पट्ट्यांवर, जॅकच्या पायांवर पितळी भांड्यावर धरतो तसा हिरवा कळंक. मऊ टूथब्रश आणि अल्कोहोलने घासा. वाळवायला तांदळाच्या डब्यात ठेवायची पद्धत घरोघरी आहे. तिने पीठ आत जातं, ओल आतच राहते. खोक्यात जुना, तारेचा पिवळा बल्ब लावून कोमट उबेत रात्रभर ठेवलेलं बरं.

(दृश्य: भिंगाखाली अँटेनाचा मधला टाका.)

अँटेना धरून सेट उचलायची सवय असते. त्याने एसएमएच्या मधल्या पिनेचा टाका केसभर तडकतो. फ्लक्स लावून नव्याने वितळवा. मीटरने पिन ते ग्राउंड शॉर्ट दिसलं तर घाबरू नका, काही सेटमध्ये तिथे कॉइल असतेच.

आता पीटीटी. चार रेझिस्टर एसएमए कनेक्टरवर समांतर जोडले की ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी शक्ती गिळणारा भार. पाय शक्य तितके आखूड. त्यावरून डायोड, पुढे कपॅसिटर ग्राउंडला, कपॅसिटरवर मीटर. १४५ मेगाहर्ट्झ, हाय पॉवर, पाच सेकंद. आलेल्या आकड्यात ०.६ मिळवा, वर्ग करा, शंभराने भागा: १९.४ व्होल्ट म्हणजे चार वॅट. लो पॉवरला एक वॅट असेल तर ९.४. युएचएफवर, म्हणजे सेटच्या वरच्या फ्रिक्वेन्सींवर, हा जुगाड भरवशाचा नाही.

लाल दिवा लागतो पण मीटर शून्यावर, तर फायनल गेला असण्याची शक्यता मोठी. तो बदलायला हॉट एअर लागतो, कारण त्याची ग्राउंडची पट्टी पोटाखाली असते. स्वस्त सेटसाठी ही मेहनत परवडत नाही. रिसीव्हर म्हणून वापरा. दिवाच लागत नसेल तर पीटीटीच्या रबराखालचा छोटा स्विच तपासा, तो काही रुपयांत मिळतो.

पॉवर बरोबर आली की मेन्यू ४० मधून पूर्ण रिसेट, जुन्या मेमरी पुसून. मग अँटेना, लो पॉवर, आपला कॉलसाइन (लायसन्सवरची ओळख), आणि समोरच्याला विचारा आवाज कसा येतोय. दबका येतोय म्हणाला तर मायक्रोफोनसमोरचं बारीक छिद्र बघा, बहुतेक मळाने बुजलेलं असतं.