कामाला लावतो म्हणाले

(दृश्य: ठाणे स्टेशन, संध्याकाळची गर्दी, पुलावरून खाली उतरणारे पाय)

लक्ष्मीला काय हवं असतं माहितीये? पत्र्याचं छप्पर. पावसात न गळणारं. तेरा वर्षांची पोर, नेपाळच्या डोंगरातली, घरात आई, तान्हा भाऊ आणि हातात आलेला पैसा जुगारात घालवणारा सावत्र बाप. एका वर्षी पावसाने पीक धुऊन नेलं आणि बाप म्हणाला हिला शहरात कामाला पाठवू. पोर खूश, धुणीभांडी करीन, पैसे पाठवीन, छप्पर होईल. पोचली कुठे, तर कोलकात्याच्या कुंटणखान्यात.

ही 'सोल्ड', पॅट्रिशिया मॅकॉर्मिक या अमेरिकन लेखिकेची 2006 सालची कादंबरी. लिहायच्या आधी बाई स्वतः नेपाळला आणि कोलकात्याला जाऊन तिथल्या बायकांशी बोलून आल्या होत्या. प्रकरणं एवढीएवढीशी, काही तर अर्ध्या पानाचीपण नाहीत, सगळं पोरीच्याच तोंडून. रडारड फार नाही, आणि म्हणूनच जास्त लागतं.

आपल्याकडे लहानपणी पोरं पळवणारी टोळी असायची, पोत्यात घालून नेणारा बाबा वगैरे. या पुस्तकात पोतंच नाही. बाप सौदा करतो, एक बाई येते, तिला मावशी म्हणायचं, ती पुढच्याच्या हातात देते, सीमेवर एक माणूस भेटतो जो सांगतो मला काका नको म्हणू, नवरा म्हण. ती बिचारी त्याला काका-नवरा म्हणत राहते. प्रत्येक जण पोरीशी जरा बरंच वागतो, खाऊ देतो, आणि पोर स्वतःच्या पायाने चालत जाते.

आता कोणी म्हणेल मग ती राजीखुशीने गेली ना. कायदा हे ऐकतच नाही. आधी भारतीय दंड संहितेचं कलम 370 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 143 आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की माणसाची तस्करी ठरवताना त्याची संमती होती की नव्हती याला काही अर्थ नाही. आणि ते मूल असेल तर शिक्षा किमान दहा वर्षं, पुढे जन्मठेपेपर्यंत.

(दृश्य: भिवंडीकडचा रस्ता, धूळ, लांबवर वीटभट्टीचा धूर)

पुस्तकातली सगळ्यात भयानक गोष्ट मला विचाराल तर ती वही. मालकीण मुमताजची. पोरीला विकत घेतलं ते कर्ज पोरीच्याच डोक्यावर, वर जेवण, कपडे, औषध, सगळं मांडलेलं. लक्ष्मी शाळेत हुशार होती ना, ती आपली गणित करत बसते की अजून किती दिवस, आणि दरवेळी मुमताजचा आकडा पुढे पळालेला असतो. पोर मोठी होते ती इथे, या वजाबाकीत.

ही वही आपल्या ठाणे जिल्ह्याला नवी नाही. दिवाळी झाली की कातकरी आदिवासी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुकादमाने पावसाळ्यातच बयाणा देऊन ठेवलेला असतो, कोणाच्या आजारपणाला, कोणाच्या लग्नाला. मग वीट थापायची, आठवड्याला खर्ची घ्यायची आणि पावसाच्या तोंडावर हिशोब, की फिटलं की अजून अंगावर राहिलं. राहिलं तर पुढच्या वर्षी तीच भट्टी. पोरं सोबतच असतात, ओल्या विटा उलटवायला बारकी पोरं बरी, त्यांच्या वजनाने वीट दबत नाही. वेठबिगारी कायद्याने 1976 सालीच बंद झालीये, कागद तर आहेच. आणि आईबापाला शिव्या घालून मोकळं होऊ नका, बयाण्यात ते स्वतःच अडकलेले असतात.

2022 साली इगतपुरीकडची बातमी आठवते का? कातकऱ्यांची पोरं मेंढपाळांकडे मेंढ्या राखायला दिलेली, थोडेसे पैसे आणि एखादी मेंढी एवढ्यावर. एक दहा वर्षांची मुलगी दगावली तेव्हा कुठे प्रकरण बाहेर आलं.

(दृश्य: घोडबंदर रोड, उंच टॉवर, गेटवर रजिस्टर)

आता जरा आपल्याकडे येऊ. लक्ष्मी मोलकरीण व्हायला निघते तेव्हा वाचणारे आपण मनात म्हणतो, चला, मोलकरीण तर मोलकरीण, तेवढं तरी खरं निघू दे. मी पण म्हटलं. आणि गंमत बघा, ज्या 2006 मध्ये हे पुस्तक आलं त्याच वर्षी 10 ऑक्टोबरपासून आपल्या देशात चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला आणि ढाब्यांवर ठेवायला बंदी आली. म्हणजे जे तिचं स्वप्न होतं तोसुद्धा गुन्हाच. पुढे 2016 च्या दुरुस्तीने जवळजवळ सगळ्याच कामांवर बंदी आली, फक्त घरचा धंदा असेल तर शाळा सुटल्यावर मदत चालते, आणि चौदा ते अठरामधल्यांना धोक्याची कामं बंद.

तरी घोडबंदरला काय, खारघरला काय, कुठल्याही बिल्डिंगमध्ये हे वाक्य ऐकू येतं, गावाकडची मुलगी आणलीये, बाळाला सांभाळते, आम्ही तिला घरच्यासारखीच ठेवतो. घरच्यासारखी, पण ती सोसायटीच्या बागेत झोक्याला धक्का देताना दिसते, झोक्यावर बसलेली नाही.

पुस्तकाचा शेवट मला जरा सोपा वाटला, बाहेरून एक अमेरिकन येतो आणि दार उघडतं. इथे दार उघडल्यावरच खरी कटकट सुरू होते. सुटलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं, मग बालगृह, मग वयाचा पुरावा, मग घरचा पत्ता शोधणं, आणि पत्ता सापडला तर तिथे तोच माणूस बसलेला ज्याने पाठवलं होतं, मग परत पाठवायचं की नाही हे ठरवायचं कोणी आणि कशावरून.

(दृश्य: फोनची स्क्रीन, 1098)

हा चाइल्डलाइनचा, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठी मदत मागायचा नंबर. 1996 मध्ये मुंबईत सुरू झाला, आता सरकार चालवतं आणि आणीबाणीच्या 112 ला जोडलाय. फोन केलात तर स्वतःचं नाव नाही सांगितलं तरी चालतं. सांगायचं ते नीट सांगा, बिल्डिंग, विंग, मजला, अंदाजे वय, किती वाजता खाली येते. 'आमच्या इथे एक मुलगी आहे' एवढ्यावर कोणी कुठे जाणार?