सणात पहिल्या पंगतीला कोण बसतं?

(कोथरूडमधल्या एका महिला मंडळात श्रावणअखेरीस दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. गौरी-गणपती तोंडावर आलेत. मग नवरात्र, दसरा आणि दिवाळी. मंडळानं मला ‘सणासुदीतलं आरोग्य’ हा विषय दिलाय. गोड बेतानं खा, तळलेलं कमी खा, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्यावर मी वेळ घालवणार नाही.

मी फॅमिली डॉक्टर आहे. सण खाणारे माझ्याकडे अपचन घेऊन येतात आणि दोन दिवसांत बरे होतात. सण करणाऱ्या मात्र सण उरकल्यावर येतात. पाठ धरलेली, पाय सुजलेले, बीपी चढलेलं, साखर वर-खाली. आणि वर म्हणतात, ‘काही नाही हो, जरा दगदग झाली.’ आज मला त्यांच्याविषयीच बोलायचंय.

गौरीपूजनाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटेपासून पुरण शिजतंय, सोळा भाज्या चिरायच्यात, कटाची आमटी, चटण्या, कोशिंबिरी, भजी, खीर. नैवेद्य झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. नैवेद्याला दीड-दोन वाजतात, काही घरांत तर संध्याकाळ होते. मग पहिली पंगत: पाहुणे, सवाष्णी, घरातले पुरुष, मुलं. तव्यापाशी उभी असलेली बाई साडेतीनला ताटावर बसते, तोवर तिची भूक मेलेली असते.

या बाईला मधुमेह आहे असं समजा. सकाळी सातला तिनं सवयीनं गोळी घेतली. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांना तर हा धोका आणखी जास्त. अकराच्या सुमाराला हात थरथरायला लागतात, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडतं, बोलणं तुटक होतं. स्वयंपाकघरात तीन शेगड्या पेटलेल्या, घाम सगळ्यांनाच आलाय. ‘आई आज फार चिडल्यात’ म्हणून घरातले बाजूला होतात. साखर उतरलीय, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. वय झालेल्या माणसाला तर घाम-थरथर फारशी होतही नाही. ती नुसतीच गोंधळतात, एकच गोष्ट तीनदा विचारतात.

अशा वेळी घरात ग्लुकोमीटर असेल तर लगेच साखर बघा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मशीनच नसेल आणि लक्षणं ही असतील, तर चहाचे तीन-चार चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून प्यायला द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. चढली नसेल तर पुन्हा तेवढीच द्या आणि बरं वाटल्यावर जेवायला बसवा. त्या क्षणी पुरणपोळी भरवून उपयोग नाही, कारण डाळ आणि तुपामुळे तिच्यातली साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, ठसका लागून जीव जाऊ शकतो. १०८ला फोन करा.

हे टाळता येतं. सणाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन विचारा: ‘त्या दिवशी माझं जेवण तीनला होणार, गोळी कधी घेऊ?’ आपल्या मनानं गोळी बुडवू नका. आणि सकाळी काहीतरी खा. पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असं व्रतांच्या नियमांतच सांगितलेलं आहे. जुन्या लोकांनी एवढा विचार करून ठेवलाय, आपण तो सोयीस्करपणे विसरतो. सोवळ्यात असलात तरी कपभर दूध आणि केळं घेता येतं. सासूबाई घरात असतील तर हे त्यांनी सुनेला सांगायचं, सुनेनं विचारायची वाट बघायची नाही. तुमच्यापैकी निम्म्या जणी आता सासूच्या जागी आहात, म्हणून मुद्दाम म्हणतेय.

आता पोळ्यांचं. गरम पोळी थेट ताटात पडली पाहिजे, हा हट्ट आपल्याकडे प्रेमाचा मानला जातो. त्यासाठी एका माणसाला दोन तास तव्यापाशी उभं ठेवणं मला अजिबात मान्य नाही. पुरणपोळी करून ठेवली तरी उतरत नाही. दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर ती जास्तच छान लागते, हे इथल्या प्रत्येकीला माहीत आहे. पोळ्या आधी करा, डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवा, पानं एकदम मांडा आणि सगळ्यांनी एकाच पंगतीला बसा. वाढायचं काम मुलांना आणि पुरुषांना द्या. सुरुवातीला मीठ डाव्या बाजूला वाढायचं की उजव्या, असा घोळ होईल. होऊ दे.

नवरात्राबद्दल थोडक्यात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ खिचडी खाल्ली तर मधुमेह्याची साखर चढणारच. वरीचे तांदूळ, राजगिरा, दाण्याची आमटी, ताक, काकडी यांवर भर द्या. भगरीचं सुटं पीठ मात्र आणू नका, दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि दर नवरात्रात त्यातून विषबाधा होते. पाकीटबंद भगर घ्या, निवडून धुऊन वापरा.

पेठांत राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. लक्ष्मी रोडवर स्पीकरच्या भिंतींसमोर काय असतं, ते तुमच्या छातीला जाणवतं. कानाचं गणित असं: ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तान्हं बाळ किंवा हृदयविकाराचं माणूस घरात असेल तर त्या रात्रीपुरतं त्यांना बाणेरला, सिंहगड रोडला, जिथे कुणी आपलं आहे तिथे पाठवा. ढोलपथकात वाजवणाऱ्या मुलांच्या कानांत इअरप्लग हवेतच. मिरवणुकीनंतर दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आठवडाभर वाट बघू नका.

दिवाळीत मला सगळ्यात जास्त काळजी झोपेची वाटते. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. फराळाच्या दिवसांत ऑफिस सांभाळणारी बाई रात्री अकराला चकलीचा सोऱ्या हातात घेते आणि नरक चतुर्दशीला पहाटे चारला उटण्यासाठी उठते. झोप तुटलेल्या हातांनी आपण उकळत्या तेलापाशी उभ्या असतो! भाजण्याचे प्रकार याच रात्री होतात. भाजलं तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, घड्याळ लावून. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको. अंगठी आणि बांगड्या सूज यायच्या आत काढा. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी ओतू नका, गॅस बंद करा आणि ताट झाका.

पूर्वी वाड्यात करंज्यांना शेजारणी आळीपाळीनं एकमेकींकडे जायच्या. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, एक लाटतेय, एक भरतेय, एक तळतेय. आता फ्लॅटमध्ये तेच सगळे पदार्थ एकटीनं करायचे, हे मुळातच अवाजवी आहे. सोसायटीतल्या चौघींनी पदार्थ वाटून घ्या. एकीनं चकली, एकीनं लाडू. नाहीतर विकत आणा. तीन दिवस तांदूळ भिजवून अनारसे करायचा ज्यांना आनंद आहे त्यांनी जरूर करावेत. फराळ बाहेरून आणला म्हणून कुणाचा संसार कमी पडत नाही.

दम्याचं माणूस घरात असेल तर नागगोळी तेवढी आणू नका. मुलांना ती निरुपद्रवी वाटते, आवाज नाही की ठिणगी नाही. पण पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशननं फटाक्यांच्या धुराची मोजणी केली तेव्हा सूक्ष्म कण सर्वांत जास्त त्याच गोळीतून निघाले होते.

शेवटी एक नाजूक विषय. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलंय, तिथे यंदा सण नसतो. आपल्याकडे अशा घरी फराळाचा डबा पोचवायची पद्धत आहे, आणि ती फार शहाणी पद्धत आहे. फक्त डबा वॉचमनकडे ठेवून किंवा दारातून देऊन परतू नका. आत जा. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला लोक कचरतात, सणाच्या दिवशी कशाला रडवायचं म्हणून. माझा अनुभव उलटा आहे, त्या घरातल्या माणसाला तेच नाव ऐकायचं असतं. मुलं परदेशी असलेल्या जोडप्यांचंही तसंच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल संपल्यावर पुढचे तीन तास अवघड जातात, त्या वेळी त्यांना आपल्याकडे बोलवा. कुणाची झोप-भूक दोन आठवडे हरवलेली असेल, ‘जगून काय करायचं’ असं बोलणं येत असेल, तर ते सणाचं उदासपण म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली-मानसचा नंबर १४४१६. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. लिहून घ्या, मी पुन्हा सांगते: १४४१६.

आता तुमचे प्रश्न घेते. गोळ्यांची पाकिटं ज्यांनी बरोबर आणलीत, त्यांनी आधी या.