यॉर्कटाउननंतर दोन वर्षं काय चाललं होतं?

(तळेगाव दाभाडे येथील एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आवाज मागपर्यंत येतोय ना? मागच्या रांगेतले हात वर आले, म्हणजे ऐकू येतंय, किंवा त्यांना आताच निघायचंय.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची अखेरची वर्षं’. मघाशी चहा घेताना एका काकांनी विचारलं, ‘सर, तळेगावात अमेरिका कशाला? ती आमच्या नातवंडांनी बघितलीय.’ काका, त्या युद्धाचा शेवट समजून घ्यायला तळेगावाइतकी सोयीची जागा दुसरी नाही, असं माझं मत आहे. घरी हे मत आता कोणी ऐकून घेत नाही, म्हणून तुमच्याकडे आलोय.

आधी माझी तक्रार. शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं. अमेरिकेच्या धड्यात एक वाक्य ठरलेलं: १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. लगेच पुढचं वाक्य: १७८३ मध्ये पॅरिसचा तह झाला. अरे, मधली दोन वर्षं गेली कुठे? एवढ्या काळात आपल्याकडे एक पेशवा गादीवर येतो आणि जातो! मुलांना वाटतं, कॉर्नवॉलिसने तलवार ठेवली आणि सगळे जेवायला गेले. गंमत म्हणजे तलवारही त्याने ठेवली नाही. प्रकृती बरी नाही असा निरोप देऊन हा गृहस्थ तंबूतच राहिला आणि ओहारा नावाच्या दुय्यम अधिकाऱ्याला पुढे केलं. ओहारा तलवार घेऊन निघाला तो थेट फ्रेंच सेनापती रोशांबोकडे. रोशांबोने अमेरिकन सरसेनापती वॉशिंग्टनकडे बोट दाखवलं. वॉशिंग्टन म्हणाला, दुय्यम आलाय ना, मग माझ्या दुय्यमाकडे द्या. हा दुय्यम म्हणजे बेंजामिन लिंकन, जो आदल्याच वर्षी चार्ल्सटनला इंग्रजांना शरण गेला होता. मानापमान काय आपल्याकडच्या लग्नातच होतात असं नाही.

पण त्या दिवशी इंग्रजांचं न्यूयॉर्क शाबूत होतं, चार्ल्सटन शाबूत होतं, सव्हाना शाबूत होतं. मग युद्ध संपलं कसं? हा आजचा खरा प्रश्न. तिथे पोचायला जरा मागे जावं लागेल. फार नाही, चार वर्षं.

१७७७ साली चौलच्या बंदरात एक फ्रेंच जहाज लागलं आणि त्यातून सेंट लुबिन नावाची वल्ली उतरली. मी याच्या प्रेमात आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मी फ्रान्सच्या राजाचा वकील आहे, असं सांगत स्वारी पुण्यात दाखल झाली. जेवढा आव आणला होता तेवढा अधिकार त्याच्यापाशी नव्हता. पण बोलण्यात कसली कसर? अडीच हजार गोरे सैनिक आणतो, दहा हजार शिपाई कवायतीत तयार करून देतो, दारूगोळा पुरवतो. बदल्यात काय, तर एक बंदर द्या. पुण्यात तेव्हा इंग्रजांचा वकील मॉस्टिन होता. त्याचं काय झालं असेल बघा. अमेरिकेत वसाहती पेटलेल्या, फ्रान्स तिकडे उडी घेणार अशी कुणकुण, आणि इथे शनिवारवाड्यात फ्रेंच माणूस मानाने बसलाय!

आणि नाना फडणवीस? नानांना हा माणूस किती पाण्यात आहे हे कळलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. पण राघोबादादांना हाताशी धरून इंग्रज जो उद्योग करत होते, त्यावर हा फुकटात मिळालेला बुजगावणा होता. नानांनी त्याला ठेवून घेतलं, मान दिला, आशेवर ठेवलं. अडीच हजार गोरे कधीच आले नाहीत. तरीही मुंबईकर आणि कलकत्तेकर इंग्रजांची झोप मात्र उडाली. पुण्यात कोणाला ठेवून घ्यायचं आणि कोणाला निरोपाचा विडा द्यायचा, ही विद्या तेव्हापासूनची आहे. (तळेगावकर हसताहेत. पुणेकर कोणी असतील तर माफी असावी.)

याच सुमाराला अमेरिकेतल्या साराटोगाहून बातमी आली. १७ ऑक्टोबर १७७७ ला इंग्रजांचा जनरल बर्गॉइन आख्ख्या फौजेनिशी शरण गेला होता. ती कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या कानावर पडली. त्याचं म्हणणं असं, की पश्चिमेकडे इतकं नुकसान झालं असेल तर पूर्वेकडच्या आपण मंडळींनी ते भरून काढायला जास्तच झटलं पाहिजे. बघा, न्यूयॉर्क प्रांतातला पराभव आणि त्याची वसुली मराठ्यांकडून! १७७८ मध्ये काल्पीहून बंगालची फौज आडव्या हिंदुस्थानातून पश्चिमेकडे निघाली, त्यामागे ही फ्रेंचांची धास्ती होती.

त्या फौजेची वाट न पाहता मुंबईकरांनी राघोबादादांना पालखीत घालून बोरघाट चढायला घेतला. पुढचं तुम्हाला मी काय सांगणार! कार्ल्याला इष्टूर फाकडा, म्हणजे कॅप्टन स्टुअर्ट, पडला. झाडावर चढून टेहळणी करताना गोळा लागला, असं सांगतात. शत्रूच्या कप्तानाला ‘फाकडा’ म्हणून मिरवणारे आपणच. ९ जानेवारी १७७९ ला फौज तळेगावात पोचते, तर गाव जाळून मोकळं केलेलं. दाणा नाही, वैरण नाही. ११ तारखेच्या रात्री जड तोफा इथल्या तळ्यात ढकलल्या आणि मंडळी उलट्या पावली निघाली. वडगावला महादजी शिंद्यांनी घेरलं, आणि इंग्रजांनी मान खाली घालून करार लिहून दिला. साराटोगानंतर सव्वा वर्षाने. मुंबईकरांनी पुढे तो करार झिडकारला, ती गोष्ट वेगळी. कारलं तुपात तळलं तरी कडू ते कडूच.

आता एक खुलासा, नाहीतर उद्या माझ्या नावाने मोबाइलवर काहीतरी फिरेल. नानांनी वॉशिंग्टनला मदत केली, असं मी म्हणत नाहीये. नानांना अमेरिकेशी काही देणंघेणं नव्हतं, आणि वॉशिंग्टनने वडगावचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही. हैदरअलीचं नाव मात्र तिकडे नक्की पोचलं होतं. पेनसिल्व्हेनियावाल्यांनी आपल्या लढाऊ जहाजाला ‘हैदर अली’ हे नाव दिलं, आणि ८ एप्रिल १७८२ ला डेलावेअरच्या उपसागरात त्या ‘हैदर अली’ने इंग्रजांचं ‘जनरल मंक’ जहाज पकडलं. हे ‘मंक’ मुळात अमेरिकनांचंच, इंग्रजांनी हिसकावलेलं. त्याचं आधीचं नाव होतं ‘जनरल वॉशिंग्टन’. म्हणजे वॉशिंग्टनला सोडवलं हैदरने!

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ मूळ विषय अजून सुरूच व्हायचाय. असो, भराभर घेतो.

२२ मार्च १७८१ ला ब्रेस्ट बंदरातून फ्रेंच आरमार निघालं. वाटेत त्याचे दोन भाग झाले. मोठा भाग घेऊन द ग्रास अमेरिकेकडे गेला, पाच जहाजं घेऊन सफ्रेन आपल्याकडे. ५ सप्टेंबरला द ग्रासने चेसापीकच्या तोंडाशी इंग्रज आरमार परतवलं, म्हणून कॉर्नवॉलिस कोंडला गेला. म्हणजे यॉर्कटाउनचा निकाल समुद्रावर लागला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्रज सेनानी गॉडर्डला हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन यांनी खंडाळ्यापासून पनवेलपर्यंत झोडपत नेलं होतं, आणि कर्नाटकात हैदरने आदल्या वर्षी इंग्रज कर्नल बेलीची फौज बुडवली होती. जिब्राल्टरला स्पेनचा वेढा होताच. इंग्लंडकडे एक फौज बुडाली की दुसरी पाठवायला ना माणूस उरला होता, ना पैसा. यॉर्कटाउनची बातमी २५ नोव्हेंबरला लंडनला पोचली. २७ फेब्रुवारी १७८२ ला पार्लमेंटने अमेरिकेतली चढाई थांबवण्याच्या बाजूने मत दिलं आणि मार्चमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ पायउतार झाला. न्यूयॉर्क हातात असताना!

मग दोन वर्षं कशाला लागली? कारण भांडण आता अमेरिकेपुरतं राहिलं नव्हतं. १२ एप्रिल १७८२ हा एकच दिवस घ्या. वेस्ट इंडीजमध्ये इंग्रज आरमारप्रमुख रॉडनीने द ग्रासला जहाजासकट कैद केलं, आणि त्याच दिवशी सिलोनच्या किनाऱ्याजवळ सफ्रेन इंग्रजांशी झुंजत होता. रॉडनीच्या विजयाने इंग्लंडला तहाच्या टेबलावर ताठ बसता आलं. सप्टेंबरात जिब्राल्टरवरचा मोठा हल्ला फसला, तेव्हा स्पेन नरमलं. फ्रँकलिन, जॉन जे आणि अ‍ॅडम्स या अमेरिकन वकिलांनी फ्रेंचांना बाजूला ठेवून इंग्रजांशी परस्पर बोलणी उरकली आणि ३० नोव्हेंबरला कच्च्या तहावर सह्या केल्या. दोस्ताला न सांगता केलेला सौदा, पण मिसिसिपीपर्यंतचा मुलूख मिळाला.

इकडे मे १७८२ मध्ये इंग्रज-मराठ्यांचा सालबाईचा तह. त्यातलं एक कलम आपण वाचतच नाही: पोर्तुगीजांच्या जुन्या वखारी सोडून दुसऱ्या कोणत्याही युरोपियन राष्ट्राला पेशव्यांनी आपल्या मुलखात वखार घालू द्यायची नाही. गोवेकर सुटले, फ्रेंच अडकले. साष्टी इंग्रजांनी ठेवली, वसई परत दिली आणि हैदर एकटा पडला. तो डिसेंबरात वारला. अमेरिका गमावत असताना हेस्टिंग्जने मराठ्यांना फ्रेंचांपासून तोडलं, आणि पुढच्या शंभर वर्षांच्या दृष्टीने हा सौदा इंग्लंडला यॉर्कटाउनपेक्षा मोठा ठरला. माझा मुद्दा एवढाच होता, त्याला मी सेंट लुबिनमुळे पोचायला उशीर केला.

शेवटचं. इंग्रज-फ्रेंचांचा कच्चा तह २० जानेवारी १७८३ चा. बातमी जहाजाने यायची. तोवर जूनमध्ये कडलूरला इंग्रजांनी फ्रेंचांना वेढा घातला. १३ जूनला इंग्रजांनी खंदकांवर हल्ला चढवला, त्यात शेकडो माणसं पडली. २० तारखेला समुद्रावर लढाई, २५ ला फ्रेंचांचा उलट हल्ला. मग महिनाअखेरीस पांढरं निशाण लावून जहाज आलं: तह होऊन पाच महिने झालेत! अमेरिकेसाठी सुरू झालेल्या युद्धातली ही शेवटची मोठी लढाई, तमिळ मुलखात. तिकडे न्यूयॉर्कमधून इंग्रज निघाले २५ नोव्हेंबरला.

पगार थकलेल्या अमेरिकन सैन्याची न्यूबर्गची भानगड आणि वॉशिंग्टनचा चष्मा राहून गेला. कोणी विचारलं तर सांगतो. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेव्हा आता प्रश्न घेऊ या.