अर्ध्या गोळीचं काय करायचं?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अल्प्राझोलाम नाहीतर क्लोनाझेपामची पट्टी असेल. नाव लक्षात नसतं. ‘टेन्शनची अर्धी’ एवढंच आपण म्हणतो. या गोळीला शिव्या घालायला मी आलेलो नाही. छाती धडधडते, दम कोंडतो, आता संपलोच असं वाटतं, तेव्हा हीच गोळी माणसाला सावरते. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं, त्याचा जोर ती वाढवते. या कुळातलं पहिलं औषध १९६० साली बाजारात आलं.

पण हे काम थोड्या दिवसांचं. ब्रिटनमध्ये १९८८ पासून दोन ते चार आठवड्यांची मर्यादा सांगितली जाते. आपल्याकडे दहा दिवसांची चिठ्ठी ओळखीच्या केमिस्टकडे चार वर्षं चालते! खरं तर अल्प्राझोलाम एच-१ यादीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहे. विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करून ती तीन वर्षं जपावी लागते. तेव्हा केमिस्टनं चिठ्ठी मागितली तर त्याच्यावर चिडू नका, तो त्याचं काम करतोय.

आता मुख्य मुद्दा. ‘सवय लागेल’ ही भीती सगळ्यांना असते, आणि ती खोटी नाही. पण त्या भीतीपोटी लोक काय करतात? सहा महिने रोज घेतलेली गोळी एका सोमवारी बंद करून टाकतात. घरचेही शाबासकी देतात. मग दोन दिवसांत घाम, हातांना कंप, झोप नाही, पूर्वीपेक्षा जास्त घाबरायला होतं. काहींना तर फिट येते. फिट जिवावरही बेतू शकते. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण ११ तासांत निम्म्यावर येतं, क्लोनाझेपामला ३० ते ४० तास लागतात. म्हणून अल्प्राझोलाम सोडताना झटका लवकर बसतो. रुग्णाला वाटतं, आजारच उलटला, आणि तो पुन्हा एकाऐवजी दोन गोळ्या घेतो.

डोस उतरवायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बहुतेकदा दर दोन-चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के. म्हणजे कित्येक महिने. एक दिवसाआड घेण्याची युक्ती स्वतःच्या मनानं करू नका, त्यानं रक्तातलं प्रमाण नुसतं वरखाली होत राहतं.

दारूबद्दल मी तडजोड करणार नाही. ‘लग्नात एकच पेग’ हेही नको, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतो. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलची दुखण्याची गोळी, यांचंही तेच. आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही: गजकर्णावर हल्ली सर्रास इट्राकोनाझोल देतात. ते अल्प्राझोलामला शरीरातून बाहेर पडू देत नाही, त्यामुळे ही दोन्ही एकत्र घ्यायची नाहीत. त्वचेच्या डॉक्टरांना तुमच्या ‘अर्ध्या’बद्दल सांगितलंच नसेल, तर त्यांना कळणार कसं?

साठीच्या पुढच्यांना वेगळंच संकट. रात्री बाथरूमला उठलं की तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडतं. विसराळूपणाही वाढतो; घरचे म्हणतात, वय झालं.

डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा, आयुर्वेदिकसुद्धा. मन फारच घाबरं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मात्र माणूस हाक मारूनही उठत नसेल, श्वास संथ झाला असेल किंवा फिट आली असेल, तर थेट १०८.