त्रेब्बियाकाठचं बॉब्बिओ

नमस्कार श्रोतेहो. आज उत्तर इटलीत जाऊ, आपेनाइन डोंगरांतल्या त्रेब्बिया नदीच्या काठी. गावाचं नाव बॉब्बिओ. वस्ती जेमतेम साडेतीन हजार.

इथल्या जुन्या पुलाला लोक 'कुबडा पूल' म्हणतात. लांबी सुमारे २८० मीटर, कमानी अकरा. पण एकीसारखी दुसरी नाही, त्यामुळे वरची वाट सारखी चढते-उतरते. गोष्ट अशी सांगतात, की संत कोलंबानुसने सैतानाशी सौदा केला: एका रात्रीत पूल बांध, पहिला जो जीव पलीकडे जाईल तो तुझा. सैतानाचे मदतनीस कुणी उंच, कुणी ठेंगणे. म्हणून कमानी लहानमोठ्या. उजाडल्यावर संतानं पुलावर सोडलं एक कुत्रं! सैतान फसला खरा, पण मला त्या कुत्र्याचीच दया येते. गोष्ट बाजूला ठेवली तर करणी नदीची. तिच्या पुरात पूल मोडायचा, गावकरी पुन्हा बांधायचे, असं शतकानुशतकं चाललं.

हा कोलंबानुस मूळचा आयर्लंडचा. लोम्बार्ड राजा अगिलुल्फनं दिलेल्या जागेवर त्यानं ६१४ साली मठ उभारला आणि पुढच्याच वर्षी तो वारला. मठाच्या ग्रंथसंग्रहाचं नाव मात्र युरोपभर झालं. चर्मपत्र महाग, म्हणून तिथले भिक्षू जुना मजकूर पुसून त्यावरच नवा लिहीत, आपल्या धूळपाटीसारखं. मठातल्या अशा एका पोथीत वर संत ऑगस्टीनचं लेखन होतं. पुढे ती व्हॅटिकनला गेली. तिथे १८१९ साली ग्रंथपाल आंजेलो माई यांना खालची पुसट अक्षरं दिसली. निघाला काय, तर प्राचीन रोमचा वक्ता आणि लेखक सिसेरो याचा राज्यव्यवस्थेवरचा हरवलेला ग्रंथ! सगळा नव्हे, पण बराचसा. ते चामडं कुणी टाकून दिलं असतं, तर तेवढाही हाती लागला नसता.

आता नदीकडे वळू. बॉब्बिओच्या आसपास त्रेब्बिया डोंगरांतून नागमोडी वळणं घेत जाते. मागे १,४६० मीटर उंचीचा पेनिचे डोंगर. खाली, पिआचेन्झाजवळच्या सपाटीवर, इसवी सनपूर्व २१८च्या डिसेंबरात रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल यानं रोमन सैन्याला डिवचून उपाशीपोटी याच नदीच्या गार पाण्यात उतरवलं. कुडकुडत पलीकडे पोचलेल्यांचा त्यानं धुव्वा उडवला.

उन्हाळ्यात त्याच पाण्यात पोरंटोरं डुंबत असतात. पाणी असं नितळ, की तळाचे गोटे दिसतात. जाणार असाल तर जुलैत जा. फक्त काठावर चपला काढू नका, गोटे भलतेच तापतात.