पित्त उठलंय? आधी घड्याळ बघा

[दृश्य: सिंहगड रोडवरचा फ्लॅट. मोबाईलवरचा फोटो. चौरंग, केळीचे खांब, मांडीवर बाळ.]

हा फोटो गेल्या श्रावणातला, ताईकडच्या सत्यनारायणाचा. मांडीवर बसलीय ती माझी भाची, तेव्हा चौदा महिन्यांची, आणि तोंडाला लागलाय तो प्रसादाचा शिरा. फोटोची वेळ बघा, दुपारी 12.40. त्यानंतर दहा-बारा मिनिटांत तिच्या हनुवटीवर गांधी उठायला लागल्या, मग मानेवर, मग पोटावर, आणि ती सारखी कान खाजवत रडायला लागली.

ताईच्या सासूबाई आतूनच म्हणाल्या, "अगं पित्त उठलंय, आमसूल भिजवून लाव." शेजारच्या काकू म्हणाल्या उष्णता झालीय, कुणीतरी म्हणालं एवढ्या माणसांत दृष्टच लागली असणार. शिऱ्याचं नाव काढायची कुणाची हिंमत नाही, प्रसादाने कधी काही होतं का!

आता आमसुलाच्या पाण्याशी माझं काही भांडण नाही, थंड वाटतं अंगाला. पण 'पित्त' म्हटलं की विषय मिटतो ना, मग पोरीने काय खाल्लं आणि किती वाजता खाल्लं हे कुणी विचारतच नाही. आणि ॲलर्जी ओळखायची तर सुरुवात तिथूनच होते. दूध, अंडं, शेंगदाणा, काजू, तीळ, गहू, मासे असलं काही बाधलं तर ते बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर दिसतं, आणि तेच पुन्हा खाल्लं की पुन्हा होतं. परवा खाल्लेल्या वांग्याने आज गांधी उठत नाहीत.

[दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. रवा, साखर, तूप, दूध, केळं, बेदाणे, काजू एकेक करून मांडलेले.]

ताईने दुसऱ्या दिवशी हेच केलं, शिऱ्यातलं सगळं ओट्यावर मांडलं. रवा ती उपम्यात खाते, दूध-तूप रोजचं, केळं तर तिचा जीव की प्राण, बेदाणेही चुरडून खाल्लेत. उरला काजू.

एक बारीकशी गोष्ट, जी परदेशी व्हिडिओत हमखास सुटते. ते म्हणतात लाल चट्टे बघा, पण आपल्या सावळ्या पोरांच्या अंगावर लाली पटकन दिसतच नाही. मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका धरा, फुगवट्याची सावली पडते. किंवा नुसता हात फिरवा, बोटांना कळतं. फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात नंबर लागेपर्यंत गांधी गायब झालेल्या असतात.

नुसत्या गांधी असतील तर फोटो काढायला वेळ आहे. पण त्याबरोबर आवाज बसला, श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली, जीभ सुजली, उलट्यांवर उलट्या झाल्या किंवा मूल एकदम गळाल्यासारखं, फिकट पडलं तर सिरप शोधत बसू नका, 108 लावा नाहीतर जवळचं हॉस्पिटल गाठा. तिथे मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात, जीव वाचवणारं औषध ते. खाजेचं सिरप खाज थांबवतं, बंद होणारा श्वास नाही.

दुधाचा घोळ वेगळाच. 'दूध पचत नाही' हे आपल्याकडे सरसकट म्हणतात, पण दुधातली साखर न पचणं म्हणजे गॅस, पातळ शी, आणि ते तान्ह्या बाळात फार कमी वेळा होतं. ॲलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनाची, त्यात गांधी येऊ शकतात, उलटी होते, काही बाळांच्या शीत रक्ताचे धागे दिसतात. मग कुणीतरी सांगतंच, शेळीचं द्या, म्हशीचं द्या. उपयोग नाही हो, प्रथिनं इतकी सारखी की गाईचं बाधणाऱ्याला बहुतेक वेळा तीही बाधतात.

[दृश्य: पावसाळा. बाल्कनीत न वाळलेली दुपटी.]

आणि सर्दी. 'कोठाच सर्दीचा आहे हिचा.' खरं सांगायचं तर पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला वर्षात सहा-आठ सर्द्या होणं नॉर्मल आहे, त्या व्हायरसच्या, ताप येतो, आठ-दहा दिवसांत जातात. पण ताप नाही, नाकातून नुसतं पाणी, डोळे खाजतायत, सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, आणि हे आठवडेच्या आठवडे, असं असेल तर शंका घ्या. मूल तळहाताने नाक खालून वर चोळत राहतं, सलाम ठोकल्यासारखं, काही मुलांच्या नाकावर त्याची आडवी रेघच पडते. आपल्या पावसाळ्यात गाद्या दमट राहतात आणि धुळीतल्या किड्यांना तेच हवं असतं, डोळ्यांनी न दिसणारे जीव ते. उघडीप मिळाली की गाद्या उन्हात टाका, चादरी गरम पाण्यात धुवा. दिवाळीच्या धुराने येणारा खोकला मात्र ॲलर्जीच असतो असं नाही, धूर सगळ्यांनाच झोंबतो.

ॲलर्जीच्या टेस्टचं आमचं सांगते. पहिल्या खेपेला हेलपाटाच झाला, कारण खाजेचं सिरप काही दिवस आधी बंद करायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी हातावर थेंब, त्यावर हलकी टोचणी, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि फोड मोजायचा, 3 मिलिमीटर किंवा जास्त भरला तर पॉझिटिव्ह धरतात. काजूचा भरला. पिस्त्याचाही, ते दोघं एकाच कुळातले.

मधल्या काळात एका लॅबने शंभरेक पदार्थांचं रक्ताचं पॅकेजही गळ्यात मारलं होतं, त्यात गहू पॉझिटिव्ह, शेंगदाणा पॉझिटिव्ह! पोरगी रोज पोळी खाते. डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला, म्हणाले जे खाऊन काही होत नाही ते बंद करायचं नाही.

आणि शेंगदाणा तर उलट घाबरून लांब ठेवूच नका. लंडनच्या एका अभ्यासाचा निकाल 2015 साली आला, जोखीम जास्त असलेली 640 बाळं होती, त्यातल्या ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा चाटवला त्यांच्यात वयाच्या पाचव्या वर्षी ती ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी निघाली. म्हणजे सहाव्या महिन्यानंतर मऊ भातात बारीक कूट कालवणारी आपली आजी बरोबरच होती. फक्त बाळाला आधीच जोरदार एक्झिमा, म्हणजे कोरड्या खाजऱ्या त्वचेचा आजार, किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि अख्खा दाणा मात्र नकोच, घशात अडकतो.

[दृश्य: भिंतीवर कालनिर्णय. दुधाच्या हिशोबाशेजारी पेन्सिलने लिहिलेल्या वेळा.]

काजू आणि आंबाही एकाच कुळातले, हे ताईला नेटवर कळलं तेव्हा घरात केवढा सन्नाटा. डॉक्टर हसले, म्हणाले आंब्याचा गर बहुतेकांना चालतो, गेल्या मेमध्ये खाल्लाय ना तिने, मग द्या.

यंदाच्या पहिल्या हापूसची फोड सासूबाईंनी स्वतःच्या हाताने भरवली, आणि मग पदराला हात पुसत घड्याळाकडे बघत बसल्या. कालनिर्णयवर त्या दिवशीच्या चौकोनात त्यांचंच अक्षर आहे. दूध दीड लिटर. आंबा 5.20. 7.20 झाले, काही नाही.