घर बदलताना कुंड्यांचं काय?

नमस्कार, श्रोतेहो.

घर बदलायचं ठरलं की भांड्याकुंड्यांची बांधाबांध महिनाभर आधी सुरू होते. झाडांच्या कुंड्या मात्र आठवतात टेम्पो दाराशी लागल्यावर. मग वाटेत तहान लागेल म्हणून सगळ्यांना भरपूर पाणी घातलं जातं, आणि घोटाळा तिथेच होतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. १२ इंची कुंडी चिंब भिजली की तीन-चार किलोंनी सहज जड होते. शिवाय ओली माती धक्क्यांनी दबते आणि मुळांजवळची हवा जाते. अगदी कोरडी ठेवली तर मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटतो, तंतुमुळं तुटतात. पाणी शोषायचं काम तर त्यांचंच. म्हणून शेवटचं पाणी निघायच्या दोन दिवस आधी. बोट दोन पेरं मातीत घाला: गार लागलं पाहिजे, चिखल चिकटता कामा नये. निवडुंग, कोरफड यांचं पाणी आठवडाभर आधीच बंद.

जास्वंद, बोगनवेल पसरली असेल तर आठ-दहा दिवस आधी छाटा. जखमा सुकायला तेवढे दिवस पुरतात. फार आधी छाटलंत तर नेमके कोवळे फुटवे प्रवासात सापडतात. कुंडी बदलायची तर महिनाभर आधी, नाहीतर नंतरच. पानांच्या मागे पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी कापसासारखी कीड, आहे का तेही पाहा. दाटीवाटीत तो शेजारच्या झाडावर जातो. मनीप्लांट, मोगरा यांच्या दोन-दोन फांद्या आधीच लावून ठेवाव्यात, मूळ झाड दगावलं तर वाण हाताशी राहतं.

आता बांधणी. वर्तमानपत्राच्या चार घड्या घ्या, मधोमध चीर द्या, खोडाभोवती मातीवर बसवा आणि वरून सुतळीचे आडवे-उभे वेढे द्या. कुंडी कलली तरी माती सांडत नाही. फांद्या खालून वर गोळा करून कापडाच्या पट्टीनं सैल बांधा. कुंड्यांमधल्या फटीत चुरगाळलेला कागद ठासा. उघड्या टेम्पोत ऊन कमी आणि वारा जास्त छळतो, तासाभरात पानं सुकवतो. वर शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, हवीच. प्लॅस्टिकची पिशवी मात्र नको, उन्हात झाड आत उकडतं. झाडं शेवटी चढवायची, आधी उतरवायची.

निघण्यापूर्वी कुंडीच्या उजेडाकडच्या बाजूला खडूनं खूण करा, नव्या घरात तीच बाजू उजेडाकडे ठेवा. आठवडाभर थेट ऊन न येणाऱ्या उजेडात, मग हळूहळू उन्हात. फायकससारखी, म्हणजे वड-उंबराच्या कुळातली, झाडं उजेड बदलला की पानं गाळतात. ते पाहून लोक घाबरून पाणी वाढवतात. पानं कमी झाली म्हणजे पाण्याची गरजही कमी झाली, आणि मुळं कुजतात ती या काळजीपोटीच. खतही महिनाभर नको. झाड मेलं असं वाटलं तर खोडाची साल नखानं किंचित खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं, तर ती कुंडी इतक्यात रिकामी करू नका.